चित्रपुस्तकाच्या शेवटी तात्पर्य हवं का?

पानवारा

भाचीला, वय वर्षं चार, परवा एक पुस्तक वाचून दाखवत होते. कासव आणि खारीच्या मैत्रीची गोष्ट. दोघांचं भांडण होतं, खार झाडावर जाऊन बसते, कासव खालीच राहतं. चित्रकाराने एक गोष्ट फार सुरेख केली आहे. भांडणानंतर दर पानावर दोघांमधलं अंतर वाढत जातं. शेवटून तिसऱ्या पानावर कासव डावीकडे पार कोपऱ्यात, खार उजवीकडे, आणि मधे नुसता कोरा कागद. भाची त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत राहिली. एक शब्द बोलली नाही. पुढे पान उलटलं, दोघं पुन्हा शेजारी शेजारी, आणि खाली ठळक अक्षरांत: 'मुलांनो, खरा मित्र तोच, जो आपली चूक पोटात घालतो.'

छापलंय म्हणून मी तेही वाचलं. तिने लगेच पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. आधी ती मधलं पान पुन्हा दाखव म्हणणार होती, हे तिच्या हातावरून मला कळत होतं.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. मैत्री, घरची माणसं, जगाचं नवल या विषयांवरच्या लहान मुलांच्या पुस्तकात शेवटी तात्पर्य छापू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. ज्याला अजून वाचता येत नाही, त्याच्यासाठी पुस्तक म्हणजे चित्रंच. 2005 साली एव्हान्स आणि सेंट-ऑबिन या संशोधकांनी, गोष्ट ऐकताना चार वर्षांच्या आसपासच्या मुलांची नजर पानावर कुठे जाते हे यंत्राने मोजलं होतं. नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर होती, अक्षरांकडे क्वचित. म्हणजे आपण वाचत असतो एक आणि मूल वाचत असतं दुसरं. चांगलं पुस्तक या दोन वाचनांमधल्या फटीत राहतं. पॅट हचिन्स यांचं 1968 सालचं 'रोझीज वॉक' घ्या. जेमतेम 32 शब्द, एक कोंबडी फिरून घरी येते एवढंच त्यात लिहिलंय. चित्रात मात्र तिच्या मागे कोल्हा लागलेला आहे आणि मजकुरात त्या कोल्ह्याचा उल्लेखच नाही. तो मुलाला दिसतो, आणि वाचणाऱ्याला माहीत नसलेलं काहीतरी आपल्याला माहीत आहे हा आनंद त्याला मिळतो. अशा पुस्तकाखाली 'सावध राहावे' असं छापलं असतं तर?

बालवर्गाची ताई

पानवारा, तुमच्या भाचीबद्दल वाचून छान वाटलं, पण मी पूर्णपणे असहमत आहे. माझ्या वर्गात तीन ते पाच वयाची बावीस मुलं असतात. चित्राकडे बघून सगळं उमजणारी त्यांत चार-पाच. उरलेल्यांना शब्द लागतात. 'रुसणं', 'समजूत काढणं', 'पोटात घालणं' हे मुलाला आपोआप येत नाही, कुणीतरी त्याच्या हातात द्यावं लागतं. सकाळी गोष्ट वाचलेली असली की दुपारी ठोकळ्यांवरून जुंपते तेव्हा मी म्हणते, "गोष्टीतल्या सशासारखं रुसून बसायचंय का?" तेवढ्याने हात खाली येतो. ते वाक्य गोष्टीत होतं म्हणून मला वापरता आलं.

वाचताना बोलावं की नाही, याचं उत्तरही केव्हाच मिळालं आहे. 1988 मध्ये व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना महिनाभर वेगळ्या पद्धतीने चित्रपुस्तकं वाचायला सांगितली. सरळ वाचत सुटायचं नाही, मधे थांबून मोकळे प्रश्न विचारायचे, मूल जे बोलेल त्यात भर घालायची. एका महिन्यात ती मुलं बोलण्यात इतरांच्या स्पष्ट पुढे गेली. गप्प बसून चित्र बघू देणं ऐकायला छान वाटतं, पण घरात बोलणारं माणूसच नसेल त्या मुलाचं काय?

पानवारा

ताई, तो प्रयोग मला मान्य आहे, आणि तो माझ्याच बाजूने बोलतो असं मला वाटतं. त्यात आईवडिलांनी प्रश्न विचारले, निकाल सांगितले नाहीत. बोट दाखवून उत्तर देता येईल असे प्रश्नसुद्धा कमी करायला सांगितले होते. "कासव कुठे बघतंय?" असं विचारा, "आता काय होईल?" विचारा, दहा वेळा विचारा. "मग यातून आपण काय शिकलो?" हा प्रश्न दिसायला प्रश्न असला तरी त्याला एकच उत्तर असतं आणि ते काय आहे हे मुलाला आधीच ठाऊक असतं. बोलायला माझा विरोध नाहीच. शेवटचा शब्द छापून टाकायला आहे.

उंबरठा

माझा अनुभव तुम्हा दोघांपेक्षा वेगळा आहे, म्हणून लिहितो. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. चित्रातला चेहरा हसतोय की कसनुसा झालाय, हे त्याला बघून कळत नाही. ज्या कोऱ्या जागेवरून तुमची भाची बोट फिरवत होती, ती त्याच्यासाठी खरंच नुसती कोरी जागा आहे. 'खारीला एकटं वाटलं, कारण कासव लांब होतं' असं छापलेलं असलं की तो ती ओळ पाठ करतो. महिन्यांनी कधीतरी शेजारच्या मुलीकडे बघून तीच ओळ म्हणतो, आणि ती बरोबर जागी म्हणतो.

जे न सांगता कळतं तेच खरं साहित्य, असं तुम्ही म्हणता तेव्हा ज्यांना सांगितल्यावरच कळतं ती मुलं बाहेर राहतात. माझ्या मुलालाही मित्र हवाय. त्याच्यासाठी ती ठळक ओळ म्हणजे दार आहे.

पानवारा

उंबरठा, मी हा विचार केलाच नव्हता. सवडीने उत्तर देते.

रेघोट्या

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, तेव्हा आतली गोष्ट सांगते. बहुतेक चित्रपुस्तकं 32 पानांची असतात, कारण छापखान्यात मोठा कागद घड्या घालून कापला की पानं आठाच्या, सोळाच्या पटीत पडतात. त्यातली पहिली काही पानं नाव-गाव, माहितीत जातात. गोष्टीला हातात उरतात बारा-चौदा जोडपानं. इतक्या थोड्या जागेत भांडण, दुरावा आणि समेट बसवायचा, तर आमचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे पान उलटणं. डाव्या पानावर प्रश्न टाकायचा, उजव्या पानाच्या कडेला मुलाला थांबवायचं आणि उलटल्यावर उत्तर द्यायचं. त्या थांबण्यात मूल स्वतः काहीतरी ठरवतं.

आणि तात्पर्याची ओळ बऱ्याचदा लेखकाची नसतेच! माझ्या एका पुस्तकात ती छपाईला जायच्या आदल्या आठवड्यात आली. 'पालक विचारतात, यातून मुलाला काय मिळणार?' असं कारण मला मिळालं. मी शेवटच्या चित्रात खालच्या बाजूला मुद्दाम मोकळं आकाश सोडलं होतं, लांबचं वाटावं म्हणून. त्या आकाशावर ती ओळ बसली. अजूनही ते पुस्तक उघडवत नाही.

उंबरठा, तुमच्या मुलाला लागते ती ओळ मात्र वेगळी आहे असं मला वाटतं. 'खारीला एकटं वाटलं, कारण कासव लांब होतं' हे तात्पर्य नाही, ती गोष्टच आहे. 'खरा मित्र तोच...' याने त्याला काही हाती लागलं असतं का?

उंबरठा

नसतं. हे तुम्ही नेमकं पकडलंत. 'खरा', 'तोच' असल्या शब्दांवर तो अडतो. कुणाला काय वाटलं आणि का वाटलं, एवढंच त्याला हवं असतं. पण मग तेही चित्रावर सोडून देऊ नका, एवढीच माझी विनंती.

मुळाशी

सगळे तात्पर्यावर बोलताय, माझा आक्षेप त्याही आधीचा आहे. मैत्रीच्या गोष्टीत कासव, खार, अस्वल कशाला? 2017 मध्ये टोरोंटोच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एक गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात कपडे घातलेले प्राणी होते, काहींच्या पुस्तकात तीच गोष्ट माणसांची होती. वाचण्याआधी आणि नंतर, मूल आपल्या चिकटचित्रांपैकी दुसऱ्या मुलासाठी किती ठेवतं ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं जास्त देऊ लागली. प्राण्यांच्या गोष्टीने तसं झालं नाही, उलट देणं कमी झालं. मुलाला माणसांत राहायचंय, तर माणसं दाखवा.

रेघोट्या

त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष होता, तोही सांगायला हवा. जी मुलं त्या प्राण्यांना माणसासारखं मन आहे असं मानत होती, त्यांनी प्राण्यांची गोष्ट ऐकल्यावरही जास्त दिलं.

आणि चिकटचित्रं किती दिली, हे गोष्टीचं एकच माप झालं. मी अस्वल काढते ते मुलाला आडोसा मिळावा म्हणून. धाकटं भावंड आल्यावर "मला ते नको आहे" असं मूल स्वतःबद्दल म्हणू शकत नाही, पण अस्वलाच्या पिलाबद्दल बेधडक म्हणतं. माणसाचं पोर काढलं की लगेच हा कोण, आपल्यासारखा दिसतो का, याचं घर कसलं, हे सुरू होतं. अस्वल कुणाचंही होऊ शकतं.

मुळाशी

कुणाचंही होऊ शकतं म्हणजे बऱ्याचदा कुणाचंच होत नाही. यावर आपलं जमणार नाही.

आत्याकडे राहणारी

मुळाशी यांच्या 'कुणाचंच होत नाही' या वाक्याला माझं अनुमोदन. माझं लहानपण आत्याकडे गेलं. घरात आम्ही दोघीच. शाळेतल्या प्रत्येक चित्रपुस्तकात आई, बाबा, दोन मुलं, वर सूर्य. अस्वलांचंसुद्धा तेच! अस्वलांच्या घरीही आई स्वयंपाकघरात आणि बाबा खुर्चीत. 'माझे कुटुंब' काढायला सांगितलं की मी पुस्तकातल्यासारखी चार माणसं काढायची. आत्याने ते चित्र बघितलं आणि काही न बोलता कपाटात ठेवलं. आज तिच्या वयाची झाल्यावर कळतंय तिला काय वाटलं असेल.

बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी 1990 मध्ये म्हटलं होतं की पुस्तकं मुलासाठी स्वतःला बघायचा आरसाही असतात आणि दुसऱ्यांचं जग बघायची खिडकीही. मला आरसा मिळालाच नाही. अर्थात आता मिळणारे आरसेही मला फारसे आवडत नाहीत. 'वेगळं कुटुंब' दाखवणारी पुस्तकं हल्ली येतात, पण त्यांतलं मूल सारखं समजावत असतं: माझं घर वेगळं आहे, तरी आम्ही सुखी आहोत. आम्ही दोघी कुणाला काही समजावत नव्हतो. आम्ही भांडायचो, दिवे गेले की भिंतीवर हातांच्या सावल्या पाडायचो. आत्या आणि मुलगी गोगलगाय शोधायला बाहेर पडतात अशी गोष्ट हवी, ज्यात आत्या का आहे हे कुणी विचारतच नाही. म्हणजे पानवारा, मीही तात्पर्याच्या विरोधातच मत दिलं म्हणायचं.

जुना वाचक

गोगलगायीवरून आठवलं. नातू अडीच वर्षांचा असताना एका पुस्तकातलं एकच पान रोज मागायचा. पानावर ओलं दगडी कुंपण, त्यावर गोगलगाय आणि मागे चकाकणारी रेघ. गोष्टीचा तिच्याशी काही संबंध नव्हता, ती कोपऱ्यात होती. पहिल्यांदा म्हणाला "गेली". काही दिवसांनी "कुठे गेली?" नंतर एकदा, बऱ्याच आठवड्यांनी, "ही इथून आली." रेघेवरून त्याने उलटा माग काढला होता. मी एकदाही काही समजावलं नाही. नवल वाटायला वेळ लागतो आणि तेच ते पान लागतं, एवढं मी त्याच्याकडून शिकलो. मोठ्यांना कंटाळा येतो म्हणून आपण रोज नवं पुस्तक काढतो.

पानवारा

उंबरठा, उत्तर द्यायला चार दिवस लागले. तुमचं म्हणणं पटलं. 'न सांगता कळलं पाहिजे' असा जो सूर माझ्या लिहिण्यात होता, तो मी मागे घेते. पात्राला काय वाटलं हे सांगणारी ओळ गोष्टीत हवी, साध्या शब्दांत हवी. मुलाने कसं वागावं हे सांगणारी ओळ मात्र मला अजूनही नको. कुणाला हवीच असेल तर ती मागच्या मलपृष्ठाच्या आत, मोठ्यांसाठी, बारीक अक्षरांत छापावी. वर्गात वा घरी ज्याला लागेल तो काढून वापरेल.

मुळाशी, प्राण्यांबद्दल मी अजून काही ठरवलेलं नाही.

बालवर्गाची ताई

पुस्तकाचं नाव निरोपातून कळवल्याबद्दल आभार, पानवारा. मिळवलं आणि काल वर्गात वाचलं. तुमच्यासाठी शेवटच्या ओळीवर कागद चिकटवला होता. वाचून झाल्यावर विचारलं, "पुन्हा जवळ कशी आली ही दोघं?"

एक मुलगी म्हणाली खार खाली उतरली, तिनेच आधी माघार घेतली. त्यावर मागे बसणारा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, उठून पुढे आला आणि कोऱ्या जागेच्या पानावर बोट ठेवलं. "नाही. कासव वर चढत होतं. हा बघा पाय." खरंच, डाव्या कोपऱ्यात कासवाचा एक पुढचा पाय झाडाच्या मुळावर टेकलेला आहे. मी ते पुस्तक आधी दोनदा वाचलं होतं, मला तो दिसला नव्हता. मग दहा मिनिटं बावीस मुलं भांडत होती, कासवाला झाडावर चढता येतं का यावर.

आज सकाळी कागद काढून ओळ वाचली. चार-पाच जणांनी ती लगेच पाठ केली, आणि त्यांना ती हवी होती, हे मी पाहिलं. कालचा मुलगा कासवाचा पाय शोधत होता.