मदत हवी आहे: दोन यार्डांवर येऊन गाडी रुतते (अमेरिकन फुटबॉल)

कोलंबसचा_काका
मुलाच्या टीमला सहायक कोच म्हणून मदत करतो (फुकट, वर बायकोची बोलणी). मैदानभर आमचा रन (बॉल घेऊन पळणं) मस्त चालतो, पण गोलरेषेला दोन यार्ड उरले की संपलं. काल चार डाऊन (म्हणजे चार प्रयत्न), चारही वेळा पळालो, हाती शून्य. शेवटच्या वेळी रनिंग बॅक आमच्याच गार्डच्या (पुढच्या फळीतल्या ब्लॉकरच्या) पाठीवर आदळला. लवकर सांगा, गुरुवारी प्रॅक्टिस आहे.

खादाड_बोका
गोलकीपर एका बाजूला सरकला की दुसरीकडून मारायचं.

कोलंबसचा_काका
शीर्षक वाचा हो!

तळ्यात_मळ्यात
मुलं केवढी? फ्लॅग (कमरेची पट्टी ओढायची) की टॅकल (धरून पाडायचं)? समोर किती जण दाटतात?

कोलंबसचा_काका
बारा-तेरा वर्षांची. टॅकलच. समोर नऊ, कधी दहा.

जुना_फुलबॅक
मग होणारच. एरवी सेफ्टीला, म्हणजे त्यांच्या सगळ्यात मागच्या बचाववाल्याला, मागचं रान राखावं लागतं. इथे मागे उरतो गोलरेषेपलीकडचा फक्त दहा यार्डांचा एंड झोन, म्हणून तोही पुढे येऊन बसतो. एक टाइट एंड (फळीच्या टोकाचा ब्लॉकर) वाढवा. लाइनमनना पावलाला पाऊल खेटून उभं करा, फट दिसता कामा नये. गार्डला पुल करून फिरवू नका, तो जागा सोडतो तिथूनच त्यांचा माणूस घुसतो. पहिलं पाऊल वीतभर आणि पुढेच. आमचे कोच छातीच्या उंचीवर दोरी बांधायचे. तिच्याखालून, मान वर ठेवून सुटायचं. दोरी हलली की पुन्हा.

ईगल्सभक्त
एवढं कशाला? टश पुश! क्यूबीला (क्वार्टरबॅकला) मागून दोघांनी रेटायचं. २०२५ मध्ये बंदीला २४ मतं लागत होती, पडली २२. यातच काय ते समजा.

तळ्यात_मळ्यात
ते एनएफएलमध्ये, मोठ्यांच्या व्यावसायिक लीगमध्ये. मुलांच्या लीगमध्ये रनरला ढकललेलं चालतं का, आधी रेफरीला विचारा. आणि ईगल्सच्या हर्ट्ससारखा क्यूबी कुठून आणणार?

सिएटलचा_जावई
पळताय ना, पळत राहा. २०१५ च्या सुपर बोलमध्ये आम्ही एका यार्डावरून आमच्या रनिंग बॅकला, लिंचला, बॉल न देता पास टाकला, समोरच्या टीमच्या बटलरने मधल्यामध्ये उचलला. सासरे अजून तो विषय काढू देत नाहीत.

ईगल्सभक्त
याचा इथे काय संबंध?

माई_न्यूजर्सी
बारा वर्षांच्या मुलांना टॅकल? डोकी सांभाळा रे. क्रिकेटला घाला.

जुना_फुलबॅक
काका, क्यूबी सेंटरला (बॉल मागे देणाऱ्याला) खेटूनच उभा असतो ना?

कोलंबसचा_काका
छे, शॉटगन, म्हणजे क्यूबी मागे लांब उभा. आम्ही कायम शॉटगनच खेळतो. लिहिलं नव्हतं का?

जुना_फुलबॅक
अहो!! दोन यार्डांसाठी बॉल आधी चार-पाच यार्ड मागे पाठवताय. बॅकच्या हातात येईस्तोवर नऊ जण दारात हजर.

कोलंबसचा_काका
खेटून केलं की स्नॅप (सेंटरने मागे दिलेला बॉल) सांडतो. दोनदा सांडला, म्हणून सोडलं.

जुना_फुलबॅक
मग गुरुवारी दुसरं काही नको. सेंटर आणि क्यूबी, पन्नास स्नॅप, त्यातले वीस ओल्या बॉलने. जमलं की आधी साधा स्नीक, क्यूबीने स्वतःच बॉल घेऊन पुढे घुसायचं.

खादाड_बोका
म्हणजे यात गोलकीपर नसतोच?