‘नात्सुमे युजिन-चो’: नावे परत करण्यापलीकडे ही कथा पुढे सरकते का?

प्रश्न

युकी मिदोरिकावा यांच्या ‘नात्सुमे युजिन-चो’ या मांगावर (जपानी चित्रकथामालिकेवर) आधारलेल्या अ‍ॅनिमेचे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिकेचे) २००८ सालचे पहिले पर्व मी नुकतेच पाहून संपवले आणि ते मला मनापासून आवडले. ताकाशी नात्सुमे या अनाथ मुलाला लहानपणापासून योकाई, म्हणजे जपानी लोककथांतले भुताखेतांसारखे अलौकिक जीव, दिसतात. त्याची आजी रेइको हिने पैजेत हरवलेल्या योकाईंची नावे ज्या वहीत लिहून घेतली होती, ती वही वारशाने त्याच्याकडे येते आणि तो एकेकाचे नाव परत करत जातो, ही कल्पनाच मला फार हृद्य वाटली. आता मूळ मांगा वाचायला घ्यावी असे वाटते. मात्र तीसहून अधिक खंडांची ही मालिका शेवटपर्यंत ‘योकाई येतो, नाव मागतो, निरोप घेतो’ याच साच्यात फिरत राहते की पात्रांच्या आयुष्यात काही बदलही होतात, हे जाणून घ्यायचे आहे. रेइकोविषयीचे गूढ पुढे उलगडत जाते का, हेही ज्यांनी बरेच खंड वाचले आहेत त्यांनी कथानक न फोडता सांगावे.

पहिले उत्तर

तुम्हाला जाणवलेला साचा खरा आहे आणि त्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. ही मालिका २००५ साली हाकुसेन्शा या प्रकाशनसंस्थेच्या ‘लाला डीएक्स’ या द्वैमासिकात सुरू झाली आणि २००८ साली ‘लाला’ या मासिकात गेली. दोन महिन्यांनी अंक हाती घेणाऱ्या वाचकाला मागचे काही आठवत नसले तरी गोष्ट समजावी, अशा बेताने ही प्रकरणे रचलेली आहेत. म्हणूनच नात्सुमे वारंवार तीच ओळख करून देतो, की लहानपणापासून मला विचित्र गोष्टी दिसतात. सलग खंड वाचताना ही पुनरुक्ती सुरुवातीला खटकते, पण पुढे डोळे आपोआप त्या ओळींवरून सरकतात.

कथा पुढे सरकते का, याचे माझे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे, फक्त ती वहीच्या बाजूने सरकत नाही. वहीतली किती नावे उरली याचा हिशेब लेखिका ठेवतच नाही. बदलतो तो नात्सुमे. या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे पाठवला गेलेला, जे दिसते ते सांगितले म्हणून खोटारडा ठरलेला हा मुलगा फुजिवारा दाम्पत्याच्या घरी येतो, तेव्हा त्याला एकच गोष्ट नीट जमत असते, ती म्हणजे कोणालाही त्रास न होईल असे गप्प राहणे. पुढे तानुमा आणि ताकी या सोबत्यांना त्याचे गुपित कळते आणि मदत मागणे म्हणजे समोरच्यावर ओझे टाकणे नव्हे, हे तो इतक्या सावकाश शिकतो, की दहा खंडांनंतर मागे वळून पाहिल्यावरच ते अंतर लक्षात येते. तोको आणि शिगेरु या फुजिवारा दाम्पत्याने त्याला घरी कसे आणले, ही हकिगत लेखिकेने बरीच उशिरा सांगितली आहे. ती आरंभीच सांगितली असती तर केवळ माहिती ठरली असती. नात्सुमेला ते घर किती हवे आहे हे आपल्याला कळून चुकल्यावर ती येते, म्हणून ती मनाला भिडते.

रेइकोबद्दल मात्र फार घाईने उत्तरांची अपेक्षा ठेवू नये. नाव परत करताना नात्सुमे वहीचे पान तोंडात धरतो, तळवे जुळवतो आणि श्वास सोडतो. कागदावरची अक्षरे उठून त्या योकाईकडे जातात आणि त्याच क्षणी त्याच्या आठवणीतली रेइको नात्सुमेला दिसून जाते. आजीची ओळख त्याला होते ती अशी, दुसऱ्यांच्या आठवणींतून आणि तुकड्यातुकड्यांनी, आणि वाचकालाही त्याच्याइतकेच कळते.

दुसरे उत्तर

वरील विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु सुट्या प्रकरणांना ‘साचा’ म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही. त्सुयुकामीची गोष्ट पाहा. एकेकाळी लोकांनी देव मानून पुजलेला हा योकाई भक्त कमी होत गेले तसतसा लहान होत हाताच्या आकाराचा उरला आहे, आणि त्याला नेमाने भजणारी एकच वृद्ध स्त्री, हानाए, शिल्लक आहे. तिच्यानंतर मीच तुमची पूजा करीन, असे नात्सुमे म्हणतो, तेव्हा तो ते नाकारतो, कारण नात्सुमे त्याचा भक्त नसून मित्र आहे. देवत्व टिकवण्यासाठी मैत्री खर्ची घालायला तो तयार नाही. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावातल्या त्सुबामे या योकाईला तर एका माणसाला पुन्हा भेटायचे असते आणि माणसाचे रूप मिळते एका रात्रीपुरते. या गोष्टींत नात्सुमे फार काही ‘करत’ नाही; तो ऐकून घेतो, धावपळ करतो आणि निरोपाच्या वेळी तिथे हजर असतो. त्याच्यातला बदल या निरोपांनीच घडवला आहे, म्हणून ही प्रकरणे वगळली तर पुढच्या बदलाला आधारच उरणार नाही.

आणखी एक बाब मला महत्त्वाची वाटते. नातोरी आणि मातोबा हे योकाईंचा बंदोबस्त करणारे मांत्रिक आल्यावर मालिकेचा सूर गंभीर होतो. नातोरी नात्सुमेसारखाच एकाकी वाढलेला आहे, पण त्यातून त्याने अगदी वेगळा निष्कर्ष काढलेला आहे. त्या दोघांचे संवाद मी पुन्हा पुन्हा वाचते, कारण त्यांत कोणा एकाला पूर्ण बरोबर ठरवण्याची घाई लेखिकेने केलेली नाही.

तिसरे उत्तर

मांगा आणि अ‍ॅनिमे यांतील निवडीबद्दल थोडे सांगतो. मिदोरिकावा यांची रेषा बारीक व फिकी आहे आणि चौकटींत पांढरी जागा पुष्कळ असते. काही ठिकाणी बोलणारे पात्र कोणते हे ओळखायला पान दुसऱ्यांदा पाहावे लागते, आणि हा दोष मी नाकारणार नाही. पण गवताळ उतारावर एकटाच उभा असलेला मुलगा दाखवताना हीच रेषा जे साधते, ते रंगीत पडद्यावर मला तितकेसे जाणवले नाही. अ‍ॅनिमेची ताकद परिसरात आहे. त्यासाठी कुमामोतो प्रांतातील हितोयोशी आणि कुमा नदीच्या खोऱ्याचा परिसर नमुना म्हणून घेतला होता, आणि लेखिका स्वतःही त्याच प्रांतातील आहेत.

पहिले पर्व पाहिलेले असले तरी मांगा पहिल्या खंडापासूनच वाचावी, असे मी सुचवेन, कारण अ‍ॅनिमेत प्रकरणांचा क्रम सर्वत्र मूळ मांगाप्रमाणे ठेवलेला नाही. रोज एखादेच प्रकरण वाचले तर पहिल्या उत्तरात म्हटलेली पुनरुक्तीही जाचणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. पहिल्या खंडापासूनच आरंभ करतो. नातोरीविषयी जे लिहिले आहे त्याने उत्सुकता वाढली आहे; तो भाग वाचून झाल्यावर त्याच्या आणि नात्सुमेच्या मतभेदाबद्दल याच धाग्यावर विचारीन.