मदत हवी आहे: गरम झाल्यावर इंजिन अचानक बंद पडतं

गाडी 2003 ची, पेट्रोल, एमपीएफआय. थंड असताना काही तक्रार नाही. पन्हाळ्याचा चढ चढला की आचके न देता, चावी फिरवल्यासारखं इंजिन बंद. अर्धा तास बॉनेट उघडं ठेवलं की एका सेल्फला चालू. स्कॅनरवर कोड नाही.

प्लग, फिल्टर नवे. थ्रॉटल बॉडी साफ. बंद पडल्यावर रेलमध्ये 3 बार प्रेशर टिकतं, पण स्पार्क नाही, आणि सेल्फ मारताना टॅकोमीटरचा काटा शून्यावरच. त्यामुळे संशय क्रँक सेन्सरवर. (सिग्नल गेला की ईसीएम पंपही बंद करतो, म्हणून उगाच पंप बदलू नये.)

सेन्सर दोन वायरचा. थंड असताना ओहम बरोबर. गरम असताना मीटर कधी बरोबर, कधी ओपन दाखवतो. कनेक्टरजवळची वायर हलवली की रीडिंग बदलतं. हिरवट गंजही दिसतोय. आतली कॉइल तुटते आहे की दोष कनेक्टरचाच? सेन्सरच्या पिनवर थेट मोजताना हेअर ड्रायरने किती तापवणं सुरक्षित? उद्यमनगरात ऑसिलोस्कोप लावून सिग्नल बघणारं कुणी असेल तर कृपया सांगा. नुसता पार्ट बदलून बघायचा नाही.