शब्दचर्चा : 'यादृच्छिक' म्हणजे 'कसाही' का?

प्रश्न : बहिणीला संख्याशास्त्र शिकवतोय. 'मध्य' आणि 'मध्यक' यांत तिचा सारखा गोंधळ होतो. शिवाय 'यादृच्छिक नमुना' (रँडम सॅम्पल) काही केल्या तोंडात बसत नाही. त्याऐवजी 'स्वैर नमुना' किंवा सरळ 'कसाही घेतलेला नमुना' म्हटलं तर चालेल का?

उत्तर : मध्य म्हणजे आपली नेहमीची सरासरी. समजा, पाच जणांचे पगार १२, १४, १५, १५ आणि ९४ हजार आहेत. बेरीज दीड लाख, म्हणून मध्य ३० हजार. पण पाचातल्या चौघांना त्याच्या निम्म्याहून जास्त मिळतच नाही! चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येतो तो मध्यक, इथे १५ हजार. बहुलकही १५, कारण तोच आकडा जास्त वेळा आलाय.

उत्तर : 'कसाही' अजिबात नको, त्याने अर्थ उलटा होतो. पीक कापणी प्रयोग बघा, म्हणजे शेताचा छोटा तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज बांधतात ते. शेत 'कसंही' निवडायचं ठरवलं तर पाय आपोआप रस्त्याकडेच्या, चांगल्या पिकाच्या शेताकडे वळतात आणि उत्पादन फुगवून दिसतं. म्हणून गावं, गावातली शेतं आणि शेतातली कापणीची जागासुद्धा यादृच्छिक संख्यांवरून ठरवतात. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी-रुंदीकडे किती पावलं जायचं, हेही त्या संख्याच सांगतात. तिथे पीक विरळ असलं तरी जागा बदलायची नाही. पीकविम्याची भरपाई महसूल मंडळाच्या (म्हणजे काही गावांच्या गटाच्या) सरासरी उत्पादनावर ठरते, त्यामुळे ही शिस्त शेतकऱ्याच्या पैशाशी थेट जोडलेली आहे. ही पद्धत भारतात रुजवण्यात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोघा संख्याशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे. मराठी माणसांनी हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

उत्तर : 'स्वैर'लाही माझा विरोध. स्वैर म्हणजे स्वतःच्या मर्जीने वागणारा, आणि इथे तर निवडणाऱ्याची मर्जीच बाजूला ठेवायची आहे. 'यदृच्छा'चा 'आपसूक घडणं' हा अर्थ घेतला तर त्यात ती नाही. गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्टः' (४.२२) आठवा : न मागता, आपसूक जे येईल त्यात समाधानी. शब्द जड आहे, पण नेमका आहे. बोलताना 'रँडम' म्हणा, लिहिताना हाच ठेवा.

प्रश्न : मग तिला 'चिठ्ठ्या टाकून निवडलेला' असं समजावू का?

उत्तर : सरल यादृच्छिक नमुन्यासाठी अगदी चपखल. समष्टीतल्या, म्हणजे ज्या सगळ्यांमधून निवडायचं त्यांतल्या, प्रत्येकाची चिठ्ठी डब्यात हवी आणि प्रत्येकीला निघण्याची सारखी संधी हवी. पुढे स्तरित नमुना (आधी गट पाडून प्रत्येक गटातून घेतलेला) येईल, तेव्हा बागायती आणि कोरडवाहू शेतांचे डबे वेगळे करा. दोन्ही डब्यांतली संधी सारखी नसली तरी चालते. ती किती आहे हे आधीपासून माहीत असलं पाहिजे.