'सक्तीची विक्री' की 'लूट'?

मूळ प्रश्न
गुटमान या 'ज्यूवंशीय' कुटुंबावरील लेखाचा अनुवाद करताना अडले आहे. ड्रेस्डनर बँकेचे संस्थापक ऑयगेन गुटमान यांचा मुलगा फ्रिट्झ हा नेदरलँड्समध्ये हेमस्टेडे येथे राहत असे. दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनांनी देश व्यापल्यावर कार्ल हाबरश्टॉक आणि युलियस बोलर हे कलाविक्रेते त्याच्याकडे आले आणि त्यांनी घरातील कलावस्तू कागद करून, रकमा लिहून नेल्या. मी 'सक्तीची विक्री' असे लिहिले, तर संपादकांनी 'लूट' केले. कागद असताना लूट म्हणावे का?

प्रतिसाद १
आमच्याकडच्या खरेदीखतांत "राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता" हे वाक्य ठरलेले असते. माझ्या आजीचा अंगठा ज्या खतावर धाकदपटशाने घेतला गेला, त्यातही ते होतेच. आजी मात्र शेवटपर्यंत "शेत बळकावलं" असेच म्हणे. 'बळकावणे' का नको?

प्रतिसाद २
'सक्ती' मूळ फारसी, 'जबरी' आणि 'जप्ती' अरबी. 'लूट' तेवढा संस्कृत 'लुण्ट्' धातूतला. शुद्ध शब्द हवा असेल, तर 'बलविक्रय' घ्यावा.

प्रतिसाद ३
'बलविक्रय' कोणाला कळणार? 'सक्ती' तीनशे वर्षे मराठीच आहे. शिवाय 'लूट' म्हटले की कागद दिसेनासा होतो, आणि सारा अन्याय तर त्या कागदातच होता. युद्धानंतर वारसांनी वस्तू परत मागितल्या, तेव्हा विक्रीची रक्कम आधी भरा, असे डच अधिकाऱ्यांनी सांगितले. 'विक्री' हा शब्द गाळला, तर हा दुसरा घाव वाचकाला समजणारच नाही.

प्रतिसाद ४
मला 'ज्यूवंशीय' हा शब्द अधिक खटकतो. हे कुटुंब ख्रिस्ती झालेले होते. आजी-आजोबा मोजून माणसाला ज्यू ठरवणे, हा नाझींच्या 1935 च्या न्यूर्नबर्ग कायद्यांचा हिशेब. तोच आपण शब्दात का जपावा?

प्रतिसाद ३
कारण त्याच हिशेबाने नाझींनी फ्रिट्झला आणि त्याच्या पत्नीला मारले. तो शब्द गाळून त्यांचा मृत्यू कसा सांगणार?

प्रतिसाद ४
'पूर्वज ज्यू असलेले' असे लिहावे. चार शब्द जास्त गेले तरी चालतील.

मूळ प्रश्नकर्ती
एक सांगायचे राहिले. ऑयगेन यांचा चांदीच्या वस्तूंचा संग्रह कुटुंबाच्या सामाईक मालकीचा होता, म्हणून तो लिहून देण्यास फ्रिट्झने नकार दिला. 1944 मध्ये टेरेझिनश्टाट येथील नाझी छळछावणीत त्याला ठार मारले गेले आणि पत्नी लुईझ आउशवित्झमध्ये मारली गेली. तेव्हा चांदीपुरते 'लूट' मी मान्य करते; इतर वस्तूंसाठी मात्र 'सक्तीची विक्री' सोडवत नाही.