मशीन निकाल देत नाही, रकाने भरतं
कोर्टात एआय आणलं की उद्या निकालही मशीनच देणार असं काही जण म्हणतात, ते काही मला पटत नाही. अर्जेंटिनात ब्युनोस आयर्सच्या 10 नंबरच्या फौजदारी कोर्टासोबत दाताहेनेरो या संस्थेने आयमुराय नावाचं एआय साधन बनवलंय, ते फक्त बायकांवरच्या हिंसेसारख्या केसचं निकालपत्र वाचून हिंसा मारहाणीची की मानसिक की पैशाची, दोघांचं नातं काय, असं उचलून तक्त्यात टाकतं आणि कोर्टातला माणूस तपासून मगच ते पक्कं करतो.

मला तर नात्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण निकालात कुठेतरी मधेच "माजी जोडीदार" एवढंच असतं, ते कुणी वेचलंच नाही तर केस नुसती "धमकी" म्हणून मोजली जाते आणि बाईला घरातल्याच माणसाने छळलं हे कुठल्याच आकड्यात येत नाही.