सुब्रतो कपमधले 'सुब्रतो' कोण?

पोराचा_बाबा:
पोराची शाळा यंदा सुब्रतो कपला, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेला, उतरतेय. "सुब्रतो कुठल्या क्लबकडून खेळायचा?" असं त्याने विचारलं आणि माझी बोलती बंद. नेटवर 'पहिले भारतीय हवाई दल प्रमुख' एवढंच दिसतं. माणसाने केलं काय ते सांगा.

निवृत्त_सार्जंट:
फुटबॉलचे शौकीन, पण पेशाने वैमानिक. सुब्रतो मुखर्जी, जन्म कोलकाता, १९११. इंग्लंडच्या क्रॅनवेलला, हवाई दलाच्या प्रशिक्षण कॉलेजात, गेलेल्या पहिल्या भारतीय तुकडीतले. ८ ऑक्टोबर १९३२ ला कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक. आपला एअर फोर्स डे तोच. पुढच्या एप्रिलमध्ये कराचीच्या ड्रिग रोडवर हवाई दलाचं पहिलं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभं राहिलं. विमानं किती? चार! वापिटी, दुपंखी, कॉकपिट उघडं. १९३९ मध्ये त्याच स्क्वाड्रनची कमान यांच्याकडे आली, आणि हा मान मिळालेले ते पहिले भारतीय.

वायव्य सरहद्दीवरचा एक किस्सा आमच्यात सांगतात. वेढ्यात सापडलेल्या चौकीतल्या गोळ्या संपल्या. मुखर्जींनी स्वतःच्या विमानातल्या मशीनगनच्या गोळ्या काढून पायमोज्यांत भरल्या आणि वरून जवानांना टाकल्या. पुढे कोणी आडवं आलं असतं तर? असो.

लष्कराला भारतीय प्रमुख, करिअप्पा, १९४९ लाच मिळाले, हवाई दलात मात्र १९५४ पर्यंत एकामागून एक इंग्रज प्रमुख. यावर लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. १९४७ ला अख्खं दलच पंधरा वर्षांचं, त्यात फाळणीत वाटे पडलेले. एवढ्यात मोठी कमान पेलणारे अनुभवी भारतीय अधिकारी आणायचे कुठून? मुखर्जी मुख्यालयात राहून काम शिकले आणि १ एप्रिल १९५४ ला, ४३ व्या वर्षी, खुर्चीवर बसले. हंटर, कॅनबेरा, नॅट ही विमानं त्यांच्याच काळात आली.

कोकणची_लेक:
यात आपलाही धागा आहे बरं का. त्यांच्या पत्नी शारदा मुखर्जी माहेरच्या पंडित. १९६२ ला रत्नागिरीतून लोकसभेवर गेल्या, पुढे आंध्र आणि गुजरातच्या राज्यपाल झाल्या. आमच्याकडची जुनी माणसं अजून 'शारदाबाई' म्हणतात.

पोराचा_बाबा:
धन्यवाद! साहेब निवृत्त कधी झाले?

निवृत्त_सार्जंट:
झालेच नाहीत. नोव्हेंबर १९६० मध्ये एअर इंडियाच्या नव्या मार्गावरच्या पहिल्या विमानाने टोकियोला गेले होते. तिथे जेवताना घास घशात अडकला आणि त्यातच वारले. वय ४९. खुर्ची अस्पी इंजिनिअरांकडे गेली. त्यांनी १९३० ला इंग्लंड ते भारत एकट्याने विमान आणलं होतं, तेही जेआरडी टाटांशी शर्यत लावून. पोराला ती गोष्ट नक्की आवडेल, वेगळा धागा काढा, लिहितो.